आधी आईची फाइल, मग पोटावर प्रोब

सोनोग्राफीचं मशीन बाळाची मापं देतं. त्या मापांचा अर्थ काय लावायचा, हे मात्र आईच्या तब्येतीवर ठरतं. मी कऱ्हाडला सोनोग्राफी करते आणि हे रोज पाहते. दोघीजणी एकीपाठोपाठ एक येतात. दोघींना ३२ आठवडे झालेले, दोघींच्या बाळाचं अंदाजे वजन दीड किलोच्या आसपास. पहिलीची उंची जेमतेम पावणेपाच फूट, बीपी व्यवस्थित, आधीचं मूल अडीच किलोचं आणि ठणठणीत. महिन्याभरापूर्वीच्या रिपोर्टातही हे बाळ असंच लहान चणीचं होतं आणि त्याच गतीनं वाढत आलंय. तिला मी दोन-तीन आठवड्यांनी परत बोलावते. दुसरीचं बीपी १५०/१००, पावलांवर सूज, आणि महिन्यापूर्वी तिचं बाळ आलेखाच्या बरोबर मधोमध होतं. तिच्या डॉक्टरांना मी ती टेबलावर असतानाच फोन लावते आणि ती घरी न जाता भरती होते. वजनाचा आकडा दोघींचा एकच होता.

सोनोग्राफी करणाऱ्याला ही माहिती नसेल तर दोघींच्या रिपोर्टात एकच ओळ उतरेल. म्हणून हे लिहिते आहे. काय घेऊन यायचं, काय सांगायचं, आईच्या कोणत्या दुखण्यानं किंवा वारेच्या (प्लॅसेंटाच्या) कोणत्या बिघाडानं तपासणी कशी बदलते, आणि रिपोर्ट हातात पडल्यावर काय विचारायचं. गरोदर बाईनं वाचावं, नवऱ्यानं वाचावं, आशाताईंनीही वाचावं.

पहिल्या रिपोर्टाचा कागद जपा

बाळ बारीक आहे असं म्हणायच्या आधी ते किती आठवड्यांचं आहे हे पक्कं लागतं. ते सगळ्यांत अचूक कळतं पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत, बाळाच्या डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून. त्यात चूक झाली तरी पाच-सात दिवसांची. आठव्या महिन्यात पहिल्यांदाच सोनोग्राफी झाली तर तोच अंदाज तीन आठवड्यांनी मागेपुढे होऊ शकतो. मग बाळ खरंच खुरटलंय की तारीखच चुकली आहे, हे छातीठोकपणे कोणालाच सांगता येत नाही. आईला बीपी असेल तर हा गोंधळ फार महागात पडतो, कारण बाळंतपण कधी करायचं हा निर्णय त्याच आठवड्यांवर घ्यायचा असतो.

दिवाळीनंतर आमच्या भागात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्यातल्या गरोदर बायकांची पहिली सोनोग्राफी गावाकडे झालेली असते, नंतरची आमच्याकडे होते, आणि कागद राहतो गावी, सासूच्या ट्रंकेत. मी गावी फोन लावायला सांगते. शेजारच्या कोणाकडे तरी कॅमेऱ्याचा फोन असतोच. व्हॉट्सअ‍ॅपवर त्या कागदाचा फोटो आला की तारखेचा प्रश्न सुटतो. तेव्हा पहिला रिपोर्ट मिळाल्याच्या दिवशीच त्याचा फोटो काढा आणि घरातल्या दोघा-तिघांच्या फोनवर ठेवा. आणखी एक. चित्रांची ती गुळगुळीत पट्टी लॅमिनेट करू नका. तो कागद उष्णतेनं काळा पडतो आणि सगळी चित्रं जातात.

येताना आधीच्या सगळ्या सोनोग्राफी, माता व बाल संरक्षण कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, बीपी किंवा शुगर लिहिलेली वही, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, ओळखपत्र आणि आधी सिझर झालं असेल तर त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, एवढं पिशवीत टाका. एफ फॉर्मवर सही घेतली जाईल. १९९४च्या कायद्यानुसार तो फॉर्म भरणं बंधनकारक आहे आणि मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हा आहे. तो प्रश्न कोणीही विचारू नये, खुणेनंसुद्धा.

उपाशी यायचं नाही. हे खास करून शुगरच्या बायकांना सांगते, कारण इन्सुलिन घेऊन रिकाम्या पोटी रांगेत बसल्यावर चक्कर येऊन पडलेल्या मी पाहिल्या आहेत. जेवून, औषध घेऊन या.

काय सांगायचं आणि कोणासमोर

फॉर्म भरताना बहुतेकजणी "काही त्रास नाही" असं लिहून देतात. मग मी टेबलावर एकेक विचारायला लागते. बीपीची गोळी? "ती तर दोन वर्षं चालूच आहे." म्हणजे बाईच्या लेखी तो आता आजार राहिलेलाच नसतो. थायरॉइडचंही तसंच, फिटच्या गोळीचंही तसंच. सवयीचं झालेलं दुखणं आवर्जून सांगा. जी गोळी रोज घेता ती माझ्या दृष्टीनं बातमी आहे.

काही गोष्टी सासू, नणंद किंवा नवऱ्यासमोर सांगता येत नाहीत. आधी मूल पडलेलं असतं, लग्नाआधी किंवा नंतर पिशवी साफ केलेली असते, मूल टेस्ट ट्यूबनं राहिलेलं असतं आणि घरात ते कोणाला ठाऊक नसतं. मशेरीचंही असंच. आमच्याकडे दात घासायच्या निमित्तानं मशेरी लावणाऱ्या बायका पुष्कळ आहेत आणि तिला कोणी तंबाखू मानतच नाही. ती तंबाखूच आहे. तिच्यातलं निकोटीन वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आखडवतं, बाळाचं वजन कमी भरतं. तुम्ही मशेरी लावता हे मला कळलं तर कमी वजनाचं एक कारण समोर येतं, आणि आजपासून सोडलीत तर पुढच्या तपासणीत बाळाची वाढ कशी होते हे बघता येतं. सोबतच्या माणसांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगा, असं तुम्ही म्हणू शकता. मी तर स्वतःहूनच सांगते.

आधीचं मूल पोटातच गेलं असेल, वेळेआधी झालं असेल, दोन किलोच्या आतलं असेल, किंवा आधीच्या वेळी बीपी वाढून झटके आले असतील तर हे पहिल्याच वाक्यात सांगा. वारेचे आजार पुढच्या खेपेला परत येऊ शकतात.

बीपी असेल तर डॉप्लरमध्ये काय बघतात

वार ही बाळाची फुप्फुसं, आतडं आणि मूत्रपिंड तिन्ही आहे. प्राणवायू, अन्न, घाण, सगळी ये-जा तिच्यातून. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्यात वारेच्या पेशी गर्भपिशवीच्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरून त्यांची तोंडं रुंद आणि सैल करतात, म्हणजे आईचं रक्त सावकाश आणि भरपूर यावं. काही बायकांत हे काम अर्धवट राहतं. रक्तवाहिन्या अरुंदच राहतात. त्यातूनच पुढे आईचं बीपी चढतं आणि बाळ खुरटतं. म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी चढण्याचा आजार) आणि बाळाची खुंटलेली वाढ, दोन्हींचं मूळ पुष्कळदा एकाच जागी असतं.

म्हणून ११ ते १३ आठवड्यांच्या एनटी स्कॅनमध्ये (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणाऱ्या सोनोग्राफीत) गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांचा डॉप्लर, म्हणजे रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्यावा, असा माझा आग्रह आहे. त्यात अडथळा जास्त दिसला, त्याला आईचं बीपी, वजन आणि आधीचा इतिहास जोडला, की पुढे धोका कोणाला जास्त आहे हे बऱ्यापैकी कळतं. अशा बायकांना प्रसूतितज्ज्ञ १६ आठवड्यांच्या आत रोज रात्री अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू करतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १५० मिलिग्रॅमच्या गोळीनं ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लॅम्पसिया ६० टक्क्यांहून जास्त कमी झालेला दिसला. गोळी डॉक्टरांच्याच सांगण्यावरून घ्यायची, पण विचारायचं तुम्ही. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा आलेल्या बाईला ही संधी मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढच्या महिन्यांत डॉप्लर नाळेतल्या धमनीचा करतात. बाळाचं हृदय आकुंचन पावतं तेव्हा रक्त वारेकडे जोरात जातं. हृदय सैल पडल्यावरही थोडा प्रवाह चालूच राहायला हवा. वारेचा बराच भाग निकामी झाला की हा मागचा प्रवाह आधी कमी होतो, मग थांबतो, आणि शेवटी उलटा फिरतो. कालव्याचं पाणी शेपटाच्या शेतापर्यंत पोचेनासं झालं की वर दाब कमी पडलाय हे शेतकऱ्याला कळतं, तसं हे. रिपोर्टात हा प्रवाह थांबल्याचं किंवा उलटा झाल्याचं लिहिलं असेल तर उद्याची वाट बघायची नाही. त्याच दिवशी नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या दवाखान्यात भरती व्हायचं. प्रवाह थांबलेला असेल तर डॉक्टर फुप्फुसं तयार होण्यासाठी इंजेक्शनं देतात, रोज लक्ष ठेवतात आणि ३४ आठवड्यांच्या पुढे सहसा थांबत नाहीत. उलटा असेल तर त्याहूनही आधी.

३२ आठवड्यांनंतरचं खुरटणं मात्र वेगळं. तेव्हा नाळेचा डॉप्लर पुष्कळदा नॉर्मल येतो आणि घरचे निश्चिंत होतात. अशा वेळी बाळाच्या मेंदूतल्या धमनीचा डॉप्लर बघावा लागतो. प्राणवायू कमी पडायला लागला की बाळ आपलं रक्त मेंदूकडे वळवतं, आणि तिथला प्रवाह वाढलेला दिसतो. म्हणून आईला बीपी असेल तर कलर डॉप्लरच्या रिपोर्टात गर्भपिशवी, नाळ आणि बाळाचा मेंदू या तिन्ही जागांचे आकडे आहेत का ते बघा.

वाढ बघायच्या दोन तपासण्यांत किमान दोन आठवडे, शक्यतो तीन, जाऊ द्या. वजनाच्या अंदाजातच दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतात. आठवड्यानं परत मोजलं तर वाढ दिसते की मापातली चूक, हे ओळखता येत नाही. डॉप्लर आणि बाळाभोवतीचं पाणी मात्र लागेल तितक्या वेळा बघता येतं.

टेबलावर उताणं झोपल्यावर घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच सांगा. गर्भपिशवीच्या भारानं मोठी रक्तवाहिनी दबते. डाव्या कुशीवर वळलं की बरं वाटतं आणि तपासणी तशीही होते.

आणि एवढं लक्षात ठेवा: डॉप्लर नॉर्मल आहे म्हणजे आई सुखरूप आहे असं नाही. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं, छातीच्या खाली उजवीकडे दुखणं, यांपैकी काहीही झालं तर रिपोर्ट कपाटात ठेवा आणि दवाखाना गाठा.

शुगर असेल तर मोठं बाळ, आणि कधी लहानही

दिवस राहण्याच्या आधीपासून शुगर असलेल्या बाईचं बाळ पहिल्या सात-आठ आठवड्यांत, अवयव बनत असताना, जास्त साखरेच्या रक्तात वाढत असतं. त्यामुळे हृदयाचे आणि मणक्याचे दोष अशा बाळांत जास्त आढळतात. तिला साधी अ‍ॅनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाचे अवयव एकेक करून बघणारी पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी, पुरत नाही. बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी, फिटल इको, २० ते २४ आठवड्यांत करून घ्यावी. गरोदरपणातच शुगर निघालेल्या बाईचा प्रश्न बहुधा नंतरचा. सरकारी दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात आणि आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर तिला शुगर धरतात. तिच्या बाळाचं डोकं वयाप्रमाणे आणि पोटाचा घेर मात्र पुढे धावतो, कारण जादा साखर चरबी होऊन पोटावर, खांद्यांवर साठते. पाणीही वाढतं. पोटाचा घेर वाढतोय असं मी लिहिलं की डॉक्टर इन्सुलिनचा डोस तपासतात, तेव्हा तो आकडा दाखवायला विसरू नका.

शुगरच्या बाबतीत दोन गोष्टींची मला धास्ती वाटते. पहिली, नाळेचा डॉप्लर इथे खोटा धीर देऊ शकतो. वारेतला प्रवाह छान दिसतो आणि तरी साखर वरखाली होत असेल तर बाळ अचानक दगावू शकतं. म्हणून अशा आईच्या बाबतीत शुगरची वही आणि बाळाची हालचाल यांना मी डॉप्लरइतकंच मानते. दुसरी, मोठ्या बाळाच्या वजनाचा अंदाज जास्त चुकतो. रिपोर्टात चार किलो आहे म्हणजे जन्मताना साडेतीन किंवा साडेचारही भरू शकतं. नुसत्या त्या आकड्यावर सिझर ठरवू नका, आणि नुसत्या आकड्यावर नाकारूही नका.

बऱ्याच वर्षांची शुगर असेल, मूत्रपिंडाला किंवा डोळ्यांना त्रास झालेला असेल तर बाळ उलट बारीक राहतं. शुगरवाल्या आईचं बाळ मध्यम वजनाचं निघालं म्हणून खूश होण्याआधी ते आधी कुठल्या गतीनं वाढत होतं ते बघावं.

दिसतच नसेल तर

वजन जास्त असलेल्या आईच्या पोटावरची चरबी ध्वनिलहरी शोषून घेते. जुन्या टाक्यांचा व्रणही तेच करतो. बाळाचं हृदय, मणका, ओठ नीट दिसत नाहीत. यात आईचा दोष नाही; कोणी टेबलावर तुम्हाला तसं ऐकवलं तर ते चुकीचं आहे. आम्ही मग बेंबीतून बघतो, कुशीवर झोपवून बघतो, पोटाची घडी वर उचलून धरून खालून बघतो. सुरुवातीच्या महिन्यांत योनीमार्गे, ज्याला सगळे "खालून सोनोग्राफी" म्हणतात, ती केली तर चरबीचा प्रश्नच येत नाही.

पण रिपोर्टात अमुक अवयव नीट दिसला नाही असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ तो अवयव चांगला आहे असा होत नाही. काय दिसलं नाही आणि परत कधी येऊ, एवढं विचारूनच उठा. वजन जास्त असेल तर अ‍ॅनॉमली स्कॅनला १९व्या आठवड्यातच या, म्हणजे दुसऱ्यांदा बघायला वेळ उरतो. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताची मर्यादा ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत गेली आहे. त्यापुढे गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. कोणालाही हा निर्णय घाईत घ्यायला लागू नये.

वार खाली आहे

पाचव्या महिन्यात "वार खाली आहे" ऐकून बाई रडत बाहेर पडते, सासू तिला पलंगावरून उठू देत नाही. आधी हे ऐका. त्या वेळी खाली दिसलेल्या बहुतेक वारा नवव्या महिन्यापर्यंत वर सरकलेल्या असतात, कारण गर्भपिशवीचा खालचा भाग लांबत जातो. वारेची कड पिशवीच्या तोंडापासून दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर ती खाली. तोंडावरच असेल तर प्लॅसेंटा प्रीव्हिया. किती सेंटिमीटर अंतर आहे, हा आकडा रिपोर्टात मागून घ्या. "लो लाइंग" एवढ्या दोन शब्दांवर काहीच ठरत नाही.

हे अंतर पोटावरून नीट मोजता येत नाही. लघवी तुंबलेली असेल तर पिशवीच्या पुढच्या-मागच्या भिंती चिकटून वार उगाच खाली दिसते. वार मागच्या बाजूला असेल तर बाळाच्या डोक्याची सावली तिच्यावर पडते. म्हणून खालून सोनोग्राफी करतात. बायका तिला घाबरतात, रक्त जाईल म्हणतात. प्रोब, म्हणजे मशीनची तपासायची कांडी, पिशवीच्या तोंडात जात नाही, त्याच्या अलीकडे थांबतो. वार खाली असतानाही ती सुरक्षित आहे आणि सगळ्यांत अचूक तीच. ३२ आठवड्यांना परत बघायचं, तेव्हाही खाली असेल तर ३६ला. तोवर संबंध ठेवायचे की नाही, प्रवास करायचा की नाही हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मी टेबलावर ते सांगत नाही, कारण रक्त गेलंय की नाही यावर ते ठरतं.

वार खाली असेल तर आणखी एक गोष्ट बघायला सांगा. पिशवीच्या तोंडावरून नाळेच्या उघड्या रक्तवाहिन्या जात नाहीत ना? त्याला व्हासा प्रीव्हिया म्हणतात. पाण्याची पिशवी फुटताना त्या वाहिन्या फाटल्या तर जाणारं रक्त बाळाचं असतं आणि बाळाकडे द्यायला रक्त असतंच किती. टेस्ट ट्यूबनं राहिलेल्या आणि जुळ्या गरोदरपणात याचा धोका जास्त. कलर डॉप्लरनं ते दोन मिनिटांत दिसतं, पण बघितलं तर.

आधी सिझर झालेलं असेल तर

इथे मी थोडी कडक होते. आधी सिझर झालेलं असेल तर पाळी चुकल्यावर, शेवटच्या पाळीपासून मोजून सहा ते आठ आठवड्यांत, पहिली सोनोग्राफी कराच. गर्भ जुन्या टाक्यांच्या जागी रुजला असेल तर ते तेव्हाच कळतं आणि तेव्हाच त्यावर इलाज सोपा असतो.

नंतर वार पुढच्या बाजूला, खाली, त्याच टाक्यांवर बसली असेल तर ती पिशवीच्या भिंतीत घुसण्याचा धोका असतो. बाळंतपणानंतर अशी वार सुटत नाही आणि रक्तस्राव थांबता थांबत नाही. एक सिझर झालेलं आणि वार तोंडावर, अशा दहा बायकांत साधारण एकीला हे होतं. दोन सिझर झालेली असतील तर पाचांत दोघींना. वारेत मोठमोठ्या पोकळ्या, तिच्यामागची काळी रेघ पुसलेली, मूत्राशयाची कड तुटक, अशा खुणा मी शोधते. त्यासाठी मूत्राशय अर्धं भरलेलं हवं. तेव्हा या तपासणीला येताना लघवीला जाऊन येऊ नका, आणि अगदी तुंबवूनही येऊ नका.

संशय जरी लिहिला असेल तरी तालुक्याच्या गावी बाळंतपण करायचं नाही. रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, मूत्रमार्गाचे सर्जन असलेलं मोठं रुग्णालय आधीच ठरवा, नातेवाइकांतले रक्तदाते आधीच ठरवा. माझ्या रिपोर्टाचा खरा उपयोग हाच आहे की ही तयारी सातव्या महिन्यात व्हावी.

अंगावरून गेलं आणि पोट दुखतंय

वार वेळेआधी सुटणं, म्हणजे अब्रप्शन, हे सोनोग्राफीत निम्म्याहून जास्त वेळा दिसत नाही. ताजं रक्त पडद्यावर वारेसारखंच करडं दिसतं. पोट कडक झालंय, सतत दुखतंय, रक्त जातंय, अशी बाई सोनोग्राफी सेंटरसमोर रांगेत बसली की माझा जीव वर येतो. तिनं माझ्याकडे यायचंच नाही. १०८ला फोन करून थेट बाळंतपणाच्या दवाखान्यात जायचं. बीपीवाल्या बाईत रक्त बाहेर न दिसताही वार सुटू शकते, म्हणून दुखणं एकटं असलं तरी तेच. आणि एखाद्या सेंटरनं "रिपोर्ट नॉर्मल आहे, घरी जा" म्हटलं तरी दुखणं चालू असेल तर घरी जायचं नाही.

वारेच्या "ग्रेड"बद्दल मात्र उगाच काळजी करतात. ३६ आठवड्यांनंतर ग्रेड तीन म्हणजे वार वयात आली, एवढंच. ३२च्या आत ग्रेड तीन दिसली आणि सोबत बीपी किंवा तंबाखू असेल तर मी वाढ आणि डॉप्लर लवकर परत बघते. वारेतल्या लहान काळ्या पोकळ्याही बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात.

कमी आढळणारे, पण सांगायलाच हवेत असे आजार

रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल, आणि तुमच्या रक्तात अँटिबॉडी तयार झाल्या असतील तर बाळाचं रक्त कमी होत जातं. ते बाळाच्या मेंदूतल्या धमनीतल्या रक्ताच्या वेगावरून कळतं, सुई न टोचता. अँटिबॉडी नसतील तर २८ आठवड्यांना अँटी-डीचं इंजेक्शन आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा, एवढं चुकवू नका.

नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूरकडच्या बायकांना सिकलसेलची तपासणी झाली आहे का ते मी विचारते. सिकलसेलमध्ये वारेतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, बाळ लहान राहतं आणि वाढीच्या तपासण्या लवकर सुरू कराव्या लागतात. फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर मणक्यावर मी जास्त वेळ घालवते. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. झटका आला तर तो बाळालाही धोकाच. ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) किंवा अँटी-आरओ अँटिबॉडी असतील तर बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात, म्हणून १६ ते २६ आठवड्यांत हृदयावर वारंवार नजर ठेवतात. थायरॉइड जास्त असण्याचा आजार आधी होऊन ऑपरेशन झालेलं असलं तरी सांगा. आईच्या रक्तातल्या अँटिबॉडी तशाच राहतात आणि बाळाचे ठोके त्यांनी वाढू शकतात. जुळं असेल तर वार एक की दोन हे १४ आठवड्यांच्या आतच लिहून घ्या, पुढे ते ओळखणं अवघड होतं. एका वारेवरच्या जुळ्यांना १६व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी बघावं लागतं.

रिपोर्ट हातात आल्यावर

शेवटची ओळ वाचून कागद घडी घालू नका. बाळाचे आठवडे पहिल्या सोनोग्राफीवरून धरलेत का, ते आधी बघा. नव्या सोनोग्राफीनं तारीख पुढे ढकलली असेल तर विचारा, कारण खुरटलेलं बाळ असंच "तारीख चुकली" म्हणून निसटतं. मग पोटाचा घेर आणि अंदाजे वजन किती टक्केवारीवर (पर्सेंटाइलवर) आहे ते बघा; १० म्हणजे तेवढ्याच आठवड्यांच्या शंभर बाळांत नव्वद याच्याहून मोठी. १०च्या खाली असेल तर लक्ष, ३च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. पाण्याचा सगळ्यांत खोल कप्पा दोन ते आठ सेंटिमीटरच्या मध्ये असावा. वारेचं ठिकाण आणि पिशवीच्या तोंडापासूनचं अंतर लिहिलेलं असावं. तुम्ही सांगितलेला आजार रिपोर्टात वर नोंदवलेला असावा. नसेल तर लिहून मागा, कारण पुढचा डॉक्टर तोच कागद वाचणार आहे.

पैशांची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात गरोदर बाईच्या तपासण्या मोफत आहेत, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात. त्या दिवशी ही सगळी फाइल घेऊन जा, आणि सोनोग्राफीत बीपी, शुगर, वार किंवा डॉप्लर यांपैकी कशाबद्दलही काही लिहिलेलं असेल तर ९ तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.